साठ मिनिटं

सोमवारी सकाळी वेदिकाला लॅपटॉपच्या पडद्यावर एक लाल डाग दिसला. गंगापूर रोडवरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अजून कुणी नीट स्थिरावलं नव्हतं. कुणीतरी एसी लावला होता आणि दुसरं कुणीतरी गार होतंय म्हणून कुरकुरत होतं. दर सोमवारी ती हा नकाशा उघडायची. ॲप वापरणाऱ्यांची बोटं फोनच्या पडद्यावर कुठं टेकतात ते त्यात रंगांनी दिसायचं. तुरळक स्पर्श निळे, जास्त झाले की पिवळे, आणि जिथं लोक पुन्हा पुन्हा दाबतात तिथं लाल. लाल नेहमी बटणांवर जमायचा, कारण दाबण्यासारखं दुसरं काही नसायचंच. हा डाग मात्र खाली डाव्या कोपऱ्यात, कोऱ्या पांढऱ्या जागेवर होता. मोजण्यात चूक असेल असं तिला आधी वाटलं. मग तिनं आतली नोंद उघडली. सगळे स्पर्श एकाच फोनवरचे होते. गेल्या गुरुवारी दुपारी चार ते पाच, घरी जाऊन पायांची मालिश, महात्मानगर. चार वाजून सहा मिनिटांपासून चार तेवीसपर्यंत त्या कोऱ्या जागेवर एक्केचाळीस वेळा दाबलं गेलं होतं. सत्र साठ मिनिटांचं, वेळेत पूर्ण. तारे पाच. शेरा: छान.

तिला धसका वगैरे बसला नाही. बरगडीच्या जरा खाली कुणी हलकंच बोट टेकवावं तसं झालं आणि ते बोट तिथंच राहिलं. त्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं ते तिला माहीत होतं, कारण ते तिनंच बसवलं होतं आणि मार्च महिन्यात तिनंच काढलं होतं. करड्या चौकोनात दोन शब्द: 'मला निघायचंय'. त्यांच्या ॲपवरून लोक घरबसल्या मालिश, योगासनं, म्हाताऱ्यांचे व्यायाम असलं सगळं मागवत, आणि ते करायला ज्या बायका घरोघरी जात त्यांच्या फोनवर हे बटण असे. ते दाबलं की सत्र तिथंच थांबायचं, बाईवर ठपका यायचा नाही आणि पाच मिनिटांत ऑफिसातून तिला फोन जायचा. आता मधेच निघालं की सत्र 'अपूर्ण' लागायचं. महिन्यात दोन अपूर्ण झाली की पंधरा दिवस काम बंद.

काढायला कारणं होती. तेलकट बोटं चुकून तिथं लागत, ऑफिसातून फोन जाई, आणि डोळे मिटून पडलेलं गिऱ्हाईक वैतागे. ज्याची ही कंपनी तो मयुरेश एकदा म्हणाला होता, "खरं सांग, हे कुणी वापरतं का?" ती म्हणाली होती, बघते. मग ती अकरा जणींशी बोलली, एकेकीला समोर बसवून, चहा देऊन, संमती घेऊन बोलणं रेकॉर्ड करून. मीटिंगमध्ये तिनं एकच स्लाइड दाखवली. अकरापैकी अकरा, कधीही वापरलं नाही. बटण गेल्यावर पडदा किती शांत दिसतो असं सगळे म्हणाले होते, आणि तिलाही तो आवडला होता. मोकळी जागा तिला पहिल्यापासून आवडायची. आईच्या घरी प्रत्येक भिंतीवर काहीतरी टांगलेलं असे, कॅलेंडरं, किल्ल्या, गेलेल्या माणसांचे फोटो. स्वतःच्या फ्लॅटमध्ये तिनं चार वर्षांत एक खिळा ठोकला नव्हता. तिच्याकडे येणारे म्हणत, किती छान वाटतं गं इथं. आणि थोड्या वेळानं निघून जात.

ते सत्र दोनशे चौदा क्रमांकाच्या बाईच्या नावावर होतं. तृप्ती. ती त्या अकरांतलीच एक होती, पेठकडची, डोंगरातल्या गावातली, चोवीस-पंचवीस वर्षांची, नाशकात मालिशचा कोर्स केलेली. वेदिकाला तिचे हात आठवले. चेहऱ्यापेक्षा मोठ्या बाईचे वाटावेत असे रुंद, कपाभोवती गुंडाळलेले. तिनं कानात इयरफोन घातले आणि ते रेकॉर्डिंग शोधलं. आधी तिचा स्वतःचा आवाज आला, गोड आणि घाईतला. "ते निघायचंय वालं बटण कधी दाबलंस?" "नाय ताई. कधीच नाय. गरजच नाय पडली." मग कप टेबलावर टेकल्याचा आवाज. "पण हाय ते बरं हाय. आपण आत गेलो की माणसं दार लावून घेतात ना. तेव्हा एकदा बघून घ्यायचं, हाय ना तिथं. मग कामाला लागायचं." आणि लगेच, मधे श्वासही न जाता, वेदिकाचा आवाज: "ओके. आता मला ॲपमधल्या पत्त्याच्या पानाबद्दल सांग."

तिनं आपली त्या दिवशीची वही काढली. तृप्ती: कधीच वापरलं नाही, गरज नाही. एवढंच. ते अक्षर तिचंच होतं, नीट, घाईचं नसलेलं. ती त्या ओळीकडे बघत बसली आणि तो क्षण आठवायचा प्रयत्न करू लागली, हात थांबल्याचा क्षण. एखादं वाक्य ऐकू येतं आणि हात ते लिहीत नाही, तेव्हा आत काय होतं? काहीच होत नाही, असं तिच्या ध्यानात आलं. खोटं बोलताना निदान जीभ जड होते. हे तर कागदावरची धूळ फुंकण्याइतकं सोपं गेलं होतं.

मग तिला, काही संबंध नसताना, किंवा असेलही, इंदिरानगरचा हॉल आठवला. आठ वर्षांपूर्वी तिला बघायला आलेली माणसं. मुलाची आई तिच्या शेजारी दिवाणावर येऊन बसली, म्हणाली, "केस स्वतःचेच ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं वेदिकाच्या वेणीत बोटं घातली. वेणीतून वर, पार टाळूपर्यंत. बोटं थंड होती आणि त्यांना पोह्यांतल्या लिंबाचा वास होता. समोर वेदिकाची आई सुधा हसत होती. वडील, नाना, जावयाशी बोलावं तसं त्या मुलाशी द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत होते. वेदिका डिशमधल्या खोबऱ्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, आता चहा येईल, चहा झाला की हे जातील. त्या बाईचा हात केसांत होता तो सगळा वेळ ती चहाची वाट बघत होती. पुढं ते लग्न काही ठरलं नाही, आणि मैत्रिणींत ती हा किस्सा रंगवून सांगायची. सगळ्या हसायच्या. डोकं बाजूला घ्यावं हे आपल्याला सुचलंसुद्धा नव्हतं, एवढंच ती किश्शात सांगत नसे.

अकरा वाजता तिनं तृप्तीला फोन केला. "काय नाय ताई," तृप्ती म्हणाली. "पूर्ण झालंय की सत्र. तुम्हाला दिसतंय ना?" दिसतंय, वेदिका म्हणाली. तृप्तीच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली. "फोनवर नाय बोलत मी," ती शेवटी म्हणाली. "यायचं तर घरी या."

पेठ रोडवर सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणला होता, रिक्षावाल्यानं तिला अलीकडेच सोडलं. खोली एकच होती, पण दोन खिडक्यांची, उजेडाची. तृप्तीची आत्या चिमणाबाई दारात सुपात नागली पाखडत बसली होती. तिनं वेदिकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बूड न उचलता जरा सरकून वाट दिली. तृप्तीनं पाणी दिलं. आत्याकडे एकदा बघून ती खालच्या आवाजात सांगू लागली, बातमी सांगावी तसं, कुठंही न अडखळता.

"आजीचं नाव वत्सलाबाई. अंथरुणालाच हाय. पोरगी पुण्याला असती, ती बुकिंग करती. चार-पाच वेळा गेले मी आधी, तेव्हा घरात दुसरी बाई असायची. ह्या वेळी आजीचा मुलगा एकटाच. पन्नाशीचा हाय चांगला. आत घेतलं, कडी लावली. म्हणला, आई झोपलीय, तोवर तू माझी पाठ कर. म्हटलं, मी फक्त बायांचं करते. तर म्हणला, ॲपमधी कुठं लिहिलंय? शर्ट काढून बसला सोफ्यावर, दाराच्या आडवा. हसत होता. बाकी काय केलं नाय त्यानं. नुसता बसून राहिला."

"आणि तू?"

"मी फोन धरून उभी." तिनं उजवा अंगठा वर केला आणि त्याच्याकडे बघितलं. "मला माहीत होतं ताई, ते काढलंय. मेसेज आला होता ना तुमचा. तरी अंगठा तिथंच जायचा. वेड्यावानी."

वेदिकानं पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला विचारायचं होतं ते सगळं कामाचं होतं, किती वाजता, कुठल्या पानावर, आणि ती ते विचारणार नव्हती. "मग?"

"मग आतनं आजीचा आवाज आला. कोण आलंय, म्हणली. मी सरळ तिच्या खोलीत गेले, बसले पायाशी. तो दारात येऊन उभा राहिला. आजीला काय समजलं, काय नाय, देव जाणे. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाय. मी एका हातानं पाय चोळले तिचे. घड्याळ बघत. साठ झाली तेव्हा उठले."

"मधेच का नाही निघालीस?"

तृप्तीनं तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. "एक अपूर्ण होतं माझं ह्या महिन्यात. गाडी पंक्चर झालेली तेव्हाचं."

तक्रार लिहून द्यायला तिनं साफ नकार दिला. तक्रार म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे आत्या गावी सांगणार, आणि गावाकडून पहिला निरोप येईल तो परत ये म्हणून. "मी इथं माझ्या जोरावर राहते ताई," ती म्हणाली. दारातून सुपाचा आवाज थांबला होता. "काय झालं गं?" चिमणाबाईनं विचारलं. "काय नाय आत्या, ऑफिसचं," तृप्ती म्हणाली, आणि सूप पुन्हा सुरू झालं. वेदिका निघताना तृप्तीनं आणखी एक गोष्ट सांगितली. येत्या गुरुवारचं त्याच घरचं बुकिंग आलं होतं. तिनं ते अजून नाकारलं नव्हतं, घेतलंही नव्हतं.

मंगळवारी वेदिकानं मयुरेशला त्याच्या काचेच्या खोलीत गाठलं आणि नकाशा दाखवला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं लगेच लॅपटॉप आपल्याकडे ओढला, एक्केचाळीस हा आकडा दोनदा वाचला. "तक्रार आलीय?" "नाही." "मग एका केसवरून आपण…" तिनं फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. नाय ताई, कधीच नाय. कपाचा आवाज. पण हाय ते बरं हाय. मयुरेशनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पेनाचं टोपण काढलं, घातलं.

"हे तू तेव्हा का नाही दाखवलंस?"

"मी लिहूनच घेतलं नव्हतं."

"विसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "ऐकलं होतं. मला ते नको होतं. बाकीच्यांनी असं काही म्हटलं तेही मी लिहिलेलं नाही. काल सगळी रेकॉर्डिंग ऐकली. आणखी चौघी तेच म्हणाल्यात."

बोलताना आपला आवाज कसा सपाट येतोय हे ती ऐकत होती. समोरच्या काचेत तिचं अर्धं प्रतिबिंब होतं आणि त्यातून पलीकडे लोक हेडफोन लावून काम करत होते. मयुरेश म्हणाला, बटण परत आणू, पण ॲपच्या पुढच्या रिलीजला, तीन आठवडे तरी लागतील. गिऱ्हाईक बंद करायचं तर लेखी तक्रार लागेलच, नाहीतर उद्या कुणीही कुणाला बंद करील. मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "आणि रिसर्च यापुढे तुझ्याबरोबर दुसरं कुणीतरी बघेल." "हो," ती म्हणाली. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. बरगडीखालचं बोट होतं तिथंच होतं.

दुपारी तिनं, नियमात बसत नसताना, पुण्याला स्वानंदीला फोन लावला, म्हणजे वत्सलाबाईंच्या मुलीला. ॲपचं पहिलं चित्र काढताना वेदिकानं अशीच एक बाई कल्पिली होती. दूर राहणारी, नोकरी करणारी, आईची काळजी असलेली. ऑफिसच्या भिंतीवर तिचा फोटोही लावला होता, कुठून तरी घेतलेला, हसरा. खऱ्या स्वानंदीचा आवाज दमलेला होता. पाच तारे तिनंच दिले होते. वेदिकानं झालं ते सांगितलं, तृप्तीचं नाव न घेता.

"दादा जरा तसा आहे," स्वानंदी म्हणाली.

"तसा म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी आईचं करायला सुलाबाई यायच्या, त्यांनीही एकदम सोडलं. पण मुलीला काही झालं नाही ना?"

"नाही. तिथं बुकिंग करू नका, एवढंच सांगायला फोन केला."

"आणि आईच्या पायांना कोण बघणार?" ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली, आणि लगेच, "सॉरी, तुमच्यावर नाही चिडले." माझ्याकडे दोनच खोल्या आहेत, सासरे आहेत, असं काहीतरी ती बोलत राहिली. वेदिका हूं हूं करत राहिली. हिला माहीत होतं, तिला वाटलं. हिलाही ऐकू आलं होतं, आणि हिनंही लिहून घेतलं नव्हतं. राग यावा म्हणून तिनं जरा वाट बघितली. रागाऐवजी एक प्रकारची ओळख वाटली, नकोशी, एकाच गावच्या दोन माणसांना परक्या ठिकाणी वाटते तशी.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. बटण तीन नव्हे, पाच आठवड्यांनी परत आलं, पहिल्यापेक्षा मोठं. स्वानंदीनं आईला दिवाळीनंतर पुण्याला नेलं. वेदिका त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर राहिली, फक्त तिच्या वह्या आता दुसरी एक मुलगी वाचते. पण वेदिकाला त्या दिवसांतलं आठवतं ते यातलं काही नाही. तिला आठवतो तो गुरुवार.

बुधवारी संध्याकाळी तृप्तीचा फोन आला. उद्याचं मी घेतलंय, ती म्हणाली. वेदिका काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "शेवटचं. आजीला सांगून येते. तिनं हात धरलेला माझा, न सांगता कसं सोडायचं? तुम्ही येता का बरोबर?"

गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना दोघी महात्मानगरच्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उभ्या होत्या. दार त्यानंच उघडलं. साधा माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. वेदिकाला बघून त्याचं हसू किंचित मागं गेलं आणि परत आलं. "ह्या कोण?" "ऑफिसच्या," तृप्ती म्हणाली. "कामाची पाहणी करायला." "या ना मॅडम," तो म्हणाला, आणि दोघी आत गेल्यावर त्यानं कडी लावली, सवयीनं लावावी तशी, शांतपणे. त्या आवाजाकडे वेदिकानं आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं. तिनं ॲपची अठ्ठावीस पानं आखली होती. दारापाशी काय होतं ते एकाही पानावर नव्हतं.

वत्सलाबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खोलीला औषधाचा आणि सायीचा वास होता. तृप्तीनं टॉवेल अंथरला, तेल तळव्यांवर चोळून गरम केलं, आणि म्हातारीचा पाय उचलून मांडीवर घेतला. पाय पांढरा होता, टाचेला भेगा, बोटं एकमेकांवर चढलेली. तृप्तीचा अंगठा तळव्यातून सावकाश वर जायचा, घोट्याभोवती वळायचा, परत यायचा. वेदिका कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. अडीच वर्षं ती या कामासाठी पडदे आखत होती आणि हे काम तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "तू कोण गं?" म्हातारीनं मान वळवून तिला विचारलं. "मी वेदिका." "स्वानंदीची मैत्रीण?" "हो," वेदिका म्हणाली. म्हातारीला बरं वाटलं. तिनं हात पुढं केला आणि तृप्तीचं मनगट धरलं.

तो दारात येऊन उभा राहिला. चहा घेणार का, त्यानं विचारलं. नको. एसी लावू का. नको. मग तो काही न विचारता उभा राहिला, चौकटीला खांदा टेकवून. तो कुणाकडे बघतोय ते वेदिका बघत नव्हती, तरी तिला कळत होतं. खोली लहान होत चालली होती. तृप्तीचा फोन उशाशी होता आणि त्यावर वेदिकानं निवडलेल्या हिरव्या रंगाचं वर्तुळ हळूहळू भरत होतं. पस्तीस मिनिटं. छत्तीस. निम्म्याहून जास्त झालं, वेदिका मनात म्हणत होती, आता थोडंच राहिलं. अडतीस.

चाळीस झाली तेव्हा तृप्तीनं दुसरा पाय टॉवेलनं पुसला आणि चादर घोट्यांपर्यंत ओढली. ती वाकून म्हातारीच्या कानाशी म्हणाली, "आजी, मी आता नाय येणार. सांगायला आले होते."

"बस ना गं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आत्ता तर आलीस."

"दुसरी कुणी येईल." ते खरं होतं की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि ती तसंच ते म्हणाली, खाली बघत. मग तिनं आपल्या मनगटावरची म्हातारीची बोटं सोडवली. एकेक सोडवावं लागलं. करंगळी सर्वांत शेवटी सुटली. तिनं तो हात उचलून म्हातारीच्या पोटावर ठेवला, वरून एकदा दाबला, आणि तेलाची बाटली पिशवीत टाकली.

"अजून वीस मिनिटं आहेत," दारातून तो म्हणाला.

"असू द्या," तृप्ती म्हणाली.

"अपूर्ण लागेल तुला."

ती त्याच्या अंगावरून, पिशवी मधे धरून, बाहेरच्या खोलीत गेली. कडी निघाल्याचा आवाज आला, मग जिन्यातल्या वाऱ्याचा. म्हातारी छताकडे बघत काहीतरी पुटपुटत होती. तो दारातच उभा होता आणि आता वेदिकाकडे बघत होता, सभ्यपणे, ऑफिसच्या माणसानं काहीतरी बोलावं म्हणून. वेदिका खुर्चीवर बसलेली होती. पर्स तिच्या मांडीवर होती, दोन्ही हात पर्सवर होते, आणि ती उरलेली वीस मिनिटं संपायची वाट बघत होती.

तृप्ती परत आत आली. त्याला ओलांडून, खुर्चीपर्यंत. तिनं वेदिकाच्या दंडाला धरलं. तिचा हात अजून तेलकट होता आणि चांगलाच गरम.

"ताई," ती म्हणाली, "उठा."